‘सोडणे’ नीट धरावे कसे?

राळेगणसिद्धीची गेल्या पन्नास वर्षांची गोष्ट एकाच क्रियापदाच्या आधाराने सांगता येते. १९७५ साली किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे सैन्यातली नोकरी संपवून पारनेर तालुक्यातल्या या गावी परतले. पुढे गावाने दारू सोडली. माळावर गुरे मोकळी सोडणे बंद केले. पावसाचे पाणी वाहून जाऊ न देता बांधबंदिस्ती करून अडवले. अण्णांनी आळंदीत, दिल्लीत आणि गावच्या यादवबाबा मंदिरात उपोषणे केली, सोडली. एकदा तर सुटकेचा आदेश हाती येऊनही त्यांनी तुरुंग सोडला नाही.

क्रियापद तेच, पण दर वेळी त्याचा अर्थ निराळा आहे. इतके नेहमीचे असल्यामुळेच या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. मग बातमीत ‘उपोषण तोडले’ छापून येते, भिंतीवर ‘दारू सोडा’ रंगवले जाते, आणि परीक्षेत ‘सोडवले’च्या जागी ‘सोडले’ लिहिणारा विद्यार्थी आपण गणित केलेच नाही अशी कबुली देऊन बसतो. शिक्षक, विद्यार्थी, बातमीदार, अनुवादक, ग्रामपंचायतीचे ठराव लिहिणारे आणि मराठी नव्याने शिकणारे अशा सगळ्यांना उपयोगी पडावे म्हणून या क्रियापदाचे व्यवहार येथे एकत्र मांडले आहेत. उदाहरणे शक्यतो राळेगण आणि त्याच्या पंचक्रोशीतली घेतली आहेत.

दोर कुणाच्या हातात आहे?

‘सोडणे’ लिहिण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. बांधलेल्या जनावराचा दोर जसा कुणाच्या तरी हातात असतो, तसा प्रत्येक सोडण्यामागे कुणीतरी असतो. तो कोण, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. मराठीत तोडणे–तुटणे, फोडणे–फुटणे अशा जोड्या आहेत, त्यांतलीच सोडणे–सुटणे ही जोडी. तिला ‘सोडवणे’ हे तिसरे रूप येऊन मिळते. दारूच्याच उदाहरणावर ही तिन्ही रूपे, आणि त्यांच्या जोडीला ‘सोडायला लावणे’, लावून पाहू.

‘त्याने दारू सोडली.’ निर्णय त्याचा, श्रेयही त्याचे.

‘त्याची दारू सुटली.’ सवय गेली एवढेच कळते. आजारपणाने गेली, पैसे संपले म्हणून गेली की संगत बदलल्याने गेली, हे वाक्य सांगत नाही.

‘गावाने त्याची दारू सोडवली.’ प्रयत्न इतरांचा आणि हित त्याचे. त्याची थोडीबहुत तयारी होती, असेही यात गृहीत आहे.

‘गावाने त्याला दारू सोडायला लावली.’ इथे त्याच्या इच्छेचा प्रश्नच नाही.

राळेगणबद्दल लिहिताना यातले कोणते वाक्य निवडावे? बहुतेक लेख ‘गावाने दारू सोडली’ असे लिहून मोकळे होतात. गावातल्या दारूभट्ट्या बंद झाल्या, दुकानांतून विडी-तंबाखूही हद्दपार झाली, हे खरेच आहे. पण सुरुवातीच्या काळात दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे खुद्द अण्णांनीच पुढे सांगितले आहे आणि त्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. म्हणजे काहींनी सोडली, काहींची सुटली, काहींची सोडवली आणि काहींना सोडायला लावली. चौघांना एकाच ‘सोडली’त कोंबले की वाक्य सुटसुटीत होते खरे, पण जबाबदारी कुणाची हे त्यातून निसटते. लिहिणाऱ्याने निवडलेले रूप ही एक प्रकारची साक्षच असते.

इतर शब्दांनाही हीच कसोटी लावावी. ‘नोकरी सोडली’ म्हणजे राजीनामा दिला. ‘नोकरी सुटली’ म्हणजे गेली, बहुधा मनाविरुद्ध. सैन्यातून मुदतीनंतर सन्मानाने बाहेर पडलेल्या जवानाबद्दल ‘सैन्य सोडले’ लिहिले तर तो अर्ध्यातून निघून आला असे वाटू शकते. तिथे ‘सेवानिवृत्त झाला’ किंवा ‘सेवामुक्त झाला’ हेच योग्य. ‘गाव सोडले’ यात माणूस ठरवून निघाला आहे, तर ‘गाव सुटले’ यात दुष्काळाने किंवा पोटाने त्याला बाहेर काढले आहे. पावसाच्या तुटवड्याच्या पारनेर तालुक्यात ही दोन्ही वाक्ये आजोबा-पणजोबांच्या आठवणींत शेजारी शेजारी सापडतात.

शाळेच्या बाबतीत जास्तच जपावे लागते. ‘शाळा सुटली’ म्हणजे संध्याकाळची घंटा झाली, पण ‘त्याची शाळा सुटली’ म्हणजे शिक्षण थांबले. ‘त्याने शाळा सोडली’ यात दोष मुलाकडे जातो. नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देणारी शाळा राळेगणमध्ये उभी राहिली. अशा मुलांविषयी लिहिताना ‘शाळा सोडलेली मुले’ म्हणायचे की ‘शाळा सुटलेली मुले’, यावर त्यांच्याकडे पाहण्याची नजर ठरते. शाळा बदलताना मिळणारा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मात्र निव्वळ कार्यालयीन नाव आहे. त्यात कुणावरही ठपका नाही.

व्याकरणातल्या तीन खुणा

पहिली खूण कर्त्याची. ‘सोडणे’ सकर्मक आहे, त्यामुळे भूतकाळात तृतीयपुरुषी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो: अण्णांनी उपोषण सोडले, तिने हट्ट सोडला. ‘सुटणे’ अकर्मक असल्याने तिथे ‘ने’ नको: तो सुटला, बस सुटली.

दुसरी खूण कर्माची. कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे फिरते: गाय सोडली, बैल सोडला, वासरू सोडले, गुरे सोडली. कर्माला ‘ला’ लागला की प्रमाण लेखनात क्रियापद ‘सोडले’वर स्थिरावते: गाईला सोडले, बैलाला सोडले, मुलींना सोडले. बोलताना ‘गाईला सोडली’, ‘पोरीला शाळेत सोडली’ हे सर्रास ऐकू येते. कथेतल्या संवादात ते तसेच ठेवावे. अर्जात, बातमीत किंवा पाठ्यपुस्तकात ‘सोडले’ लिहावे.

तिसरी खूण ऱ्हस्व-दीर्घाची. सुटणे, सुटका, सुटे पैसे, सुटसुटीत यांत ‘सु’ ऱ्हस्व आहे, पण ‘सूट’ हा शब्द अकारान्त असल्यामुळे त्यातला ‘सू’ दीर्घ. ‘दुकानात २० टक्के सुट’ असा फलक दिसला की रंगाऱ्याला आपण होऊन सांगावे.

आधी ते कशात होते?

सोडायची वस्तू आधी कोणत्या अवस्थेत होती, त्यावर पुढचे क्रियापद ठरते. दाव्याला बांधलेले जनावर सोडतात. औताला जुंपलेले बैल सोडतात, आणि ‘औत सोडले’ म्हटले की शेतातले काम थांबवले हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पिंजऱ्यातला पक्षी सोडतात किंवा मोकळा करतात. गहाण पडलेला दागिना मात्र ‘सोडवतात’. भांडण सोडवतात, गुंता सोडवतात. साधी गाठ सोडतात. घट्ट बसलेली, नखे लावावी लागणारी गाठ सोडवतात. थोडक्यात, जिथे अडचण आहे, कष्ट आहेत किंवा मधे तिसरा माणूस पडतो, तिथे ‘व’ येतो.

राळेगणमधल्या काही दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज थकले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या जमिनीत श्रमदानाने पीक काढून ते फेडले, ही गोष्ट गावाच्या वाटचालीत आवर्जून सांगितली जाते. इथे ‘कर्ज फेडले’ आणि ‘कुटुंबांना कर्जातून सोडवले’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. ‘कर्ज सोडले’ लिहिले तर बँकेने माफ केले असा भलताच अर्थ होईल.

अहिल्यानगर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात बिबटे विहिरीत पडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तिथे दोन घटना आणि दोन क्रियापदे असतात. वनखाते आधी बिबट्याला विहिरीतून बाहेर काढते आणि मग जंगलात सोडते. घाईत ‘विहिरीतील बिबट्याला सोडले’ असे शीर्षक दिले तर गावकरी दारे लावून बसतील.

गणिताचा घोळ तर घरोघरचा आहे. ‘पाचवे गणित सोडवले’ म्हणजे उत्तर काढले. ‘पाचवे गणित सोडले’ म्हणजे त्याला हातच लावला नाही. प्रश्न, कोडे, समस्या यांनाही हेच लागू. ‘आम्ही पाण्याचा प्रश्न सोडला’ असे एखाद्या सरपंचाने भाषणात म्हटले, तर विरोधकांना वेगळे काही बोलण्याची गरज उरत नाही.

गुरांच्या बाबतीत विशेषण जपून निवडावे. ‘मोकळे सोडणे’ तटस्थ आहे. ‘मोकाट सोडणे’ यात मालकावर आरोप आहे. राळेगणची चराईबंदी मोकळ्या सोडण्यावरच होती: उतारावरचे गवत आणि रोपे वाढावीत म्हणून जनावरांना गोठ्यात वैरण घालायची. गुरे मोकळी चरायला सोडणे ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणून बंदीआधीच्या काळाबद्दल लिहिताना ‘लोक गुरे मोकाट सोडत’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोकाट हा शब्द बंदीनंतर नियम मोडणाऱ्यासाठी राखून ठेवावा.

उपोषण सोडणे, मोडणे, मागे घेणे

राळेगणच्या निमित्ताने मराठी पत्रकारितेला सर्वांत जास्त वेळा लिहावा लागलेला शब्दप्रयोग हा असावा, आणि तिथेच सर्वांत जास्त ठेचा लागतात.

उपास ‘सोडणे’ म्हणजे तो ठरलेल्या किंवा योग्य वेळी काहीतरी खाऊन-पिऊन संपवणे. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात, तेच पारणे. उपास ‘मोडणे’ म्हणजे अवेळी, चुकून किंवा मोहाने तो भंगणे. म्हणून दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णांनी २८ ऑगस्ट २०११ रोजी दोन लहान मुलींच्या हातून नारळपाणी आणि मध घेतला, तेव्हा त्यांनी उपोषण सोडले, मोडले नाही. हिंदी वाहिन्यांवर ‘अनशन तोड़ा’ म्हणत होते, ते हिंदीत ठीकच आहे. पण त्यावरून ‘उपोषण तोडले’ लिहिले तर ते मराठी वाचकाच्या कानाला खटकते. पोलिसांनी उपोषणकर्त्यांना बळाने उठवले तर मात्र ‘उपोषण मोडून काढले’ हाच शब्द खरा.

सोडण्याचे कारण आणि वेळ वाक्यात आली की शब्द आणखी चोख बसतो. लोकपाल विधेयकासाठी अण्णा १० डिसेंबर २०१३ रोजी यादवबाबा मंदिरात उपोषणाला बसले. विधेयक १७ तारखेला राज्यसभेत आणि १८ तारखेला लोकसभेत संमत झाले, आणि त्याच दिवशी त्यांनी उपोषण सोडले. मागणी पदरात पडल्यावर सोडलेले उपोषण ते हे. आश्वासनावर थांबवलेल्या उपोषणाला ‘मागे घेतले’ हा शब्द जास्त जुळतो, कारण त्यात उद्या पुन्हा बसण्याची मुभा राहते.

‘सोडवणे’ इथेही राजकारण करते. ३० जानेवारी २०१९ रोजी राळेगणमध्येच सुरू झालेले उपोषण ५ फेब्रुवारीला संपले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस चर्चेसाठी गावात आले होते. ‘चर्चेनंतर अण्णांनी उपोषण सोडले’ असे लिहिले तर निर्णय अण्णांचा ठरतो. ‘मुख्यमंत्र्यांनी अण्णांचे उपोषण सोडवले’ म्हटले की श्रेय मुख्यमंत्र्यांकडे जाते. दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत. कोणते छापायचे, हे संपादकाने डोळे उघडे ठेवून ठरवावे.

सुरूच न झालेले उपोषण सोडता येत नाही. शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी ३० जानेवारी २०२१ पासून बसण्याचे अण्णांनी जाहीर केले होते आणि आदल्या दिवशी तो निर्णय फिरवला. अशा वेळी ‘रद्द केले’, ‘स्थगित केले’ किंवा ‘उपोषणाचा निर्णय मागे घेतला’ असे म्हणावे. साखळी उपोषणात रोज माणसे बदलतात, म्हणून तिथे ‘साखळी उपोषण थांबवले’ किंवा ‘आंदोलन मागे घेतले’ हे बरे.

तुरुंगातून सुटणे

१६ ऑगस्ट २०११ रोजी सकाळी दिल्लीत उपोषणाला निघालेल्या अण्णांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि तिहार तुरुंगात नेले. संध्याकाळपर्यंत सुटकेचा आदेशही निघाला. पण विनाअट उपोषणाची परवानगी मिळाल्याशिवाय बाहेर पडणार नाही म्हणून ते आतच बसून राहिले आणि १९ तारखेला रामलीला मैदानाकडे निघाले. आता सांगा, अण्णा कधी सुटले? सरकारने त्यांना १६ तारखेला सोडले. अण्णांनी तुरुंग १९ तारखेला सोडला. ‘सुटले’ हे रूप दोन्ही तारखांना अपुरे पडते, कारण त्यात दोर कुणी सोडला ते सांगायची सोयच नाही. अशा प्रसंगी आदेश, परवानगी आणि प्रत्यक्ष बाहेर पडणे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

कोर्टकचेरीच्या बातम्यांत पुढचे भेद पाळले तर अनेकांची अब्रू वाचते. ‘जामिनावर सुटका’ म्हणजे खटला चालूच आहे. ‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे न्यायालयाने आरोप सिद्ध मानला नाही. ‘शिक्षा भोगून सुटका’ हे तिसरेच. संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर बाहेर आलेला कैदी ‘सुटलेला’ नसतो. त्याला रजेवर सोडलेले असते आणि मुदतीनंतर परत जावे लागते. ‘रिहा’ आणि ‘रिहाई’ हे शब्द हिंदीतून आपल्या वाहिन्यांवर आले आहेत. मराठीत सुटका, मुक्तता, सोडून देणे असे तीन भरभक्कम शब्द असताना त्यांची गरज नाही.

पाणी सोडणे: धरणातले आणि हक्कावरचे

‘आवर्तन कधी सुटणार?’ कुकडी कालव्यावरच्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या शेतकऱ्याचा हा नेहमीचा प्रश्न. कालव्याला ठरावीक काळाने येणारी पाण्याची पाळी म्हणजे आवर्तन. पाटबंधारे खाते आवर्तन ‘सोडते’, शेतकऱ्याच्या तोंडी ते ‘सुटते’. धरणाच्या दारांतून किती पाणी जाते आहे हे सांगताना सरकारी पत्रकात ‘विसर्ग’ असतो. आकड्यांच्या बातमीत तो ठेवावा, इतरत्र ‘पाणी सोडले’ पुरेसे आहे.

प्रत्ययांकडे मात्र लक्ष हवे. ‘मुळा धरणातून जायकवाडीसाठी पाणी सोडले’ ही साधी माहिती झाली. ‘जायकवाडीसाठी आपल्या पाण्यावर पाणी सोडले’ हे वाक्य अहिल्यानगरच्या शेतकऱ्याची तक्रार आहे. दानाचा संकल्प करताना हातावरून उदक सोडतात आणि त्यानंतर दात्याचा त्या वस्तूवर हक्क राहत नाही, त्यावरून ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे तिची आशा किंवा हक्क कायमचा टाकणे. यातला ‘वर’ गाळला तर वाक्प्रचार मोडतो. जमिनीत पाणी मुरवणाऱ्या राळेगणच्या कामाबद्दल लिहिताना या शब्दाचे विरुद्धार्थी शब्द उपयोगी पडतात: अडवणे, जिरवणे. ‘धरणे’ मात्र तिथे वापरू नये, कारण शेतात ‘पाणी धरणे’ म्हणजे पिकाला पाणी देणे.

हक्क सोडण्याचा एक कागदही असतो, तो म्हणजे ‘हक्कसोडपत्र’. वडिलार्जित जमिनीतला आपला हिस्सा एक वारस दुसऱ्या वारसाच्या नावे सोडतो, बहुतेक वेळा बहीण भावाच्या. ‘नुसती सही कर, नाव कमी करायचंय’ असे सांगून हा कागद पुढे केला जातो, म्हणून त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असावा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तो हक्क या कागदाने जातो. स्थावर मालमत्तेचा हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो आणि एकदा नोंदवल्यावर तो फिरवणे फार अवघड असते. सही करण्यापूर्वी कागदात ‘सोडत आहे’ हे शब्द कुठे आहेत, कोणत्या गटाबद्दल आहेत आणि कुणाच्या नावे आहेत, ते स्वतः वाचावे किंवा विश्वासू वकिलाकडून वाचून घ्यावे.

‘सोडून’चे दोन चेहरे

‘मला सोडून सगळे जत्रेला गेले.’ म्हणजे मी वगळता सगळे गेले, की मला टाकून गेले? दोन्ही अर्थ निघतात. वगळण्याचा अर्थ हवा असेल तर ‘माझ्याखेरीज’ किंवा ‘माझ्याशिवाय’ लिहावे. टाकून जाण्याचा हवा असेल तर ‘मला एकटीला सोडून’. नळाच्या वेळापत्रकात आणि औषधाच्या चिठ्ठीवर ‘दोन दिवस सोडून’ लिहिणे टाळावे. ‘दर तिसऱ्या दिवशी’ म्हटले की गोंधळ होत नाही. पत्ता सांगताना मात्र ‘देवळापासून दोन घरं सोडून’ हे उत्तम चालते, कारण बोट दाखवायला माणूस समोर असतो.

दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीवर बसून ‘सोडणे’ जोर वाढवते: घोषणांनी मैदान दणाणून सोडले, प्रश्नांनी भंडावून सोडले, उन्हाने हैराण करून सोडले. यात कुणी काही मोकळे करत नाही. ‘टाकणे’शी ताडून पाहिले की फरक कळतो. ‘काम करून टाकले’ म्हणजे एकदाचे उरकले. ‘काम करूनच सोडले’ म्हणजे शेवटपर्यंत पिच्छा पुरवला. आंदोलनाच्या भाषणात दुसरे शोभते आणि कार्यालयीन अहवालात दोन्ही टाळावीत.

‘पुडी सोडणे’ आणि ‘पिल्लू सोडणे’ हे दोन वाक्प्रचार निवडणुकीच्या दिवसांत हमखास लागतात. दोन्हींचा अर्थ खोटी किंवा खोडसाळ गोष्ट मुद्दाम पसरवणे. सरपंचपदाच्या आरक्षणाची ‘सोडत’ त्याच दिवसांत निघते, पण ती चिठ्ठ्या काढून होणारी अधिकृत निवड आहे. तिच्याबद्दल ‘सोडत सोडली’ न म्हणता ‘सोडत काढली’ म्हणतात.

मुक्ती आणि बंदी

‘मुक्त’ हा शब्द कशाच्या मागे आहे आणि कशाच्या पुढे, ते पाहावे. ‘दारूमुक्त गाव’ म्हणजे जिथे दारू नाही ते गाव. ‘मुक्त दारू’ म्हटले की नेमके उलटे. ‘तंटामुक्त’, ‘करमुक्त’ यांत नको असलेली गोष्ट आधी येते. ‘मुक्त विद्यापीठ’, ‘मुक्त संवाद’ यांत ‘मुक्त’ आधी येतो आणि अर्थ ‘सर्वांना खुले’ असा होतो.

राळेगणच्या आणि पुढे १९९२ मध्ये सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेच्या सूत्रांत श्रमदानाबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी असे ‘बंदी’चे शब्द आहेत. बंदी नियम घालते, मुक्ती माणसाला बाहेर काढते. ‘नशाबंदी’ दुकानावर आणि भट्टीवर असते; ‘व्यसनमुक्ती’ माणसाची होते. ठराव लिहिताना ‘गावात व्यसनमुक्ती लागू करण्यात येत आहे’ असे लिहू नये. लागू होते ती बंदी. मुक्तीसाठी केंद्र, उपचार आणि घरच्यांची साथ लागते.

फलकावरचे ‘दारू सोडा’ हे तर विनोदाचे आयते साहित्य आहे. वाचणारा ‘दारू, सोडा’ असा स्वल्पविराम मनातच घालतो आणि खाली ‘बर्फ’ लिहायचे राहिले म्हणतो. ‘दारू सोडून द्या’ किंवा ‘दारू सुटू शकते, या केंद्रात या’ असे रंगवावे. दुसऱ्या वाक्यात ‘सुटू शकते’ मुद्दाम घेतले आहे: ज्याला ती सोडवत नाही, त्याला ‘सोडा’ ही आज्ञा टोचते आणि ‘सुटते’ हा दिलासा वाटतो.

शेजारणीचे उसने

हिंदी ‘छोड़ना’ आणि मराठी ‘सोडणे’ एकाच कुळातले. हिंदीत जिथे ‘छ’ राहिला तिथे मराठीत अनेकदा ‘स’ झाला: पूछना–पुसणे, कछुआ–कासव, बछड़ा–वासरू, छूटना–सुटणे. पण नाते जवळचे असले तरी दोन्ही घरांच्या रीती निराळ्या आहेत. ‘सर्वांना मागे सोडले’ ही हिंदी रीत. मराठीत ‘मागे टाकले’. ‘छाप सोडली’ नव्हे, ‘छाप पाडली’ किंवा ‘ठसा उमटवला’. ‘कसर सोडली नाही’पेक्षा ‘कसर ठेवली नाही’ घरचे वाटते. ‘सोड ना’ हे तरुणांच्या तोंडी रुळले आहे. त्यांच्या संवादात ते ठेवावे, पण आजीच्या तोंडी ‘जाऊ दे गं’ घालावे.

इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्यांसाठी एवढेच, की तिथल्या ‘रिलीज’सारख्या एका शब्दाला मराठीत जागेप्रमाणे वेगळा शब्द आहे. पाणी सोडतात, कैद्याची सुटका होते, चित्रपट प्रदर्शित होतो, पुस्तक प्रकाशित होते, अहवाल प्रसिद्ध होतो आणि निधी वितरित होतो.

हात बसवण्यासाठी

पुढची वाक्ये आधी स्वतः दुरुस्त करावीत आणि मगच उत्तर वाचावे.

१. ‘शिष्टमंडळाच्या विनंतीवरून त्यांनी उपोषण तोडले.’ – ‘उपोषण सोडले’. विनंतीला मान देऊन पुन्हा बसण्याची मुभा ठेवली असेल, तर ‘मागे घेतले’.

२. ‘ग्रामसभेने रस्त्याचा प्रश्न सोडला.’ – ‘सोडवला’. खरोखरच विषय टाळला असेल, तर आहे तेच वाक्य बरोबर आहे. खात्री करून छापावे.

३. ‘आरोपी जामिनावर मुक्त झाल्याने तो निर्दोष ठरला.’ – ‘आरोपीची जामिनावर सुटका झाली.’ पुढचा भाग काढून टाकावा.

४. ‘गोळी एक दिवस सोडून दोन दिवस सोडून घ्या.’ – तारखा लिहाव्यात. औषधाच्या बाबतीत शब्दांवर विसंबू नये.

५. ‘राळेगणने गुरे सोडली.’ – बंदी सांगायची असेल, तर ‘राळेगणने गुरे मोकळी चरायला सोडणे बंद केले’. अपुऱ्या वाक्यातून नेमका उलटा अर्थ निघतो आहे.

६. ‘बहिणींचे हक्क सुटले.’ – दोर कुणाच्या हातात होता, ते विचारावे. त्यांनी समजून सही केली असेल, तर ‘बहिणींनी हक्क सोडले’. दडपण आणून सही घेतली असेल, तर ‘बहिणींना हक्क सोडायला लावले’. ‘सुटले’ हे रूप या वाक्यात कुणाला तरी पाठीशी घालते, म्हणून खरे काय घडले ते कळेपर्यंत ते वाक्य छापू नये.